बांध घालणाऱ्याला सातबारा हवा



जोराचा पाऊस ओसरला की शेताच्या खालच्या धुऱ्यावर जाऊन उभे राहा. ओघळातून चहाच्या रंगाचे पाणी वाहताना दिसेल. ते नुसते पाणी नव्हे, आपल्या रानाची साय आहे. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती जायला एक दुपार पुरते.

हे आपल्या माणसाला कळत नाही काय? घाटावर चिखली-मेहकरला असो की घाटाखाली नांदुरा-शेगावच्या काळ्या रानात, उताराला आडवी पेरणी करावी, धुरा बांधून घ्यावा, हे त्याला कोणी शिकवायला नको. मग दोन-तीन एकरवाला ते करत का नाही? शिबिरातले साहेब म्हणतात, अज्ञान. आम्हाला ते पटत नाही.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तुकडे जोडून शेत मोठे करा, म्हणजे शेती सुधारेल, असा त्या काळी विचार होता. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, शेत परवडते की नाही हे त्याच्या आकारावर ठरत नाही. त्या शेताला औत-अवजारे आणि भांडवल किती मिळते, यावर ठरते. शंभर वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे.

गाळाचेच उदाहरण घ्या. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. २०१८ पासून भारतीय जैन संघटना आणि शासनाने मिळून आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर तलाव उपसले. हलक्या रानाला गाळ म्हणजे जीवदानच. पण गाळ फुकट असला तरी ट्रॅक्टर-ट्रॉली फुकट नव्हती. वाहतुकीचा खर्च शेतकऱ्यानेच करायचा होता. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याला सोपे. ज्याच्या घरात हप्त्याची मजुरी, त्याने काय करावे? २०२३ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली, तेव्हा अल्पभूधारक, विधवा आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना वाहतुकीसाठी एकरी १५ हजारांच्या मर्यादेत, अडीच एकरांपर्यंत अनुदान ठेवले गेले. म्हणजे अडचण अज्ञानाची नव्हती, खिशाची होती, हे शासनानेही मान्य केले.

दुसरी गोष्ट, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माणूस बदलत नाही, आणि त्यात त्याचे चुकत नाही. ज्याचे एकच पीक, त्याने ते उगाच पणाला का लावावे? रुंद वरंबा-सरीचे यंत्र सर्वांना मिळत नाही. पण सोयाबीनची पट्टापेर आपल्या ओळखीची आहे. पेरताना सहावी-सातवी ओळ मोकळी सोडायची आणि डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून तिथे सरी पाडायची. पावसाने ताण दिला तर सरीतली ओल कामी येते, जास्त झाला तर पाणी निघून जाते; बियाणेही थोडे वाचते. शेजाऱ्याच्या रानात हे एक वर्ष पाहिले की पुढच्या वर्षी भाषण लागत नाही.

तिसरी गोष्ट एकीची. २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड गाव राज्यात संयुक्तपणे दुसरे आले. पंचेचाळीस दिवसांची ती श्रमाची स्पर्धा होती. गाव एक झाले तर काय होते, ते तिथे दिसले. मात्र अशा कामात एक प्रश्न गावोगाव विचारला पाहिजे. वरच्या माळावर चर खोदताना घाम सर्वांचा गळतो, मग भरलेल्या विहिरीचे पाणी कोणाच्या रानात जाते? हिशेब चोख असेल तर मजूरही उद्या पुन्हा टिकाव उचलेल.

आता सर्वांत मोठी गोष्ट. बांध आज घालायचा आणि फळ चार वर्षांनी खायचे, हे तोच करतो, ज्याला चार वर्षांनी शेत आपलेच राहील याची खात्री असते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पूर्वी गायरान कसणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तरी कितीतरी घरे आजही सातबाऱ्याविना गायरान कसतात. सातबारा नाही म्हणून अनुदान नाही, पीककर्ज नाही. वर केव्हा हुसकावतील ही धास्ती. अशा माणसाने दगड वेचून बांध कोणासाठी रचावा?

आणि घरातल्या बाईचे काय? निंदण तिचे, शेणखताची पाटी तिच्या डोक्यावर, बी राखणारीही तीच. पण शेत तिच्या नावावर नसते, म्हणून शेतीशाळेचे बोलावणे पुरुषाला येते. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. एका अर्जाचे काम, पण किती घरांनी केले?

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. सातबारा आणि आठ-अ चा उतारा काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते घरात मोठ्याने वाचा. गायरान कसत असाल तर १९९० पूर्वीच्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी पेटीतून काढून जपून ठेवा. वस्तीत भूमिहीन घर असेल तर त्याला दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेची माहिती द्या. तिच्यात चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते आणि २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे.

माती राखायला आपले हात कधीच कमी पडले नाहीत. त्या हातांत आधी कागद यायला हवा.