जीपचा नवा सायलेन्सर

द्राक्षांचा पैसा हाती आला की दिंडोरीकडे जीपगाडीची राहिलेली कामे निघतात. सायलेन्सर गंजलेला दिसला की पोरगं म्हणतं, "आबा, मोठ्या आवाजाचा बसवू."

जरा थांबा. टर्बोच्या गाडीत इंजिनाचा तापलेला धूरच टर्बोची चक्री फिरवतो आणि ती चक्री हवा दाबून इंजिनाला पुरवते. टर्बोनंतरचा पाइप बारीक पडला, की धूर तुंबतो, ओढ कमी होते, टर्बो तापतो. वळणावर चेपलेला पाइप तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. पाइपाचा भार टर्बोवर येता कामा नये. टांगायची रबरे नवी घाला. फुसफुस इंजिन आणि टर्बो यांच्यामधून येत असेल, तर दोष तिथल्या पॅकिंगचा. सायलेन्सर बदलून काय होणार?

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी गाळणारा डबा असतो. "तो काढा, गाडी पळेल," म्हणणारे भेटतात. अशा डब्यांत प्लॅटिनमसारखा महागडा धातू असतो, हे मात्र ते सांगत नाहीत! शिवाय धूर-आवाजाचे नियम मोडले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुकानात जाताना जुना पाइप बरोबर न्या. दोन्हींची तोंडे मोजा, मगच पैसे काढा.