टॅब, स्पेसबार आणि नियम १३

यादी छापताना मोकळी जागा किती आणि कुठे सोडायची, यावर लिहितोय म्हटल्यावर घरात जांभया सुरू झाल्या. देऊ देत. पण मंडळी, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात, या मोकळ्या जागेपायी जमिनीचा दावा अडू शकतो असं माझं स्पष्ट मत आहे.

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. नियम १३ म्हणजे पुराव्यांची यादी. पोटनियम (१) खाली नऊ खंड. सरकारी दस्त, जनगणना, नकाशे एका खंडात. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती दुसऱ्यात. पुढे घर-झोपडी, बांधबंदिस्ती, जुन्या विहिरी, दफनभूमी, वंशावळ, आणि सगळ्यात शेवटी गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. मग पोटनियम (३) सांगतो की ग्रामसभेने आणि वरच्या दोन्ही समित्यांनी वरीलपैकी एकाहून जास्त पुरावे विचारात घ्यावेत.

आता ही यादी कुणीतरी स्पेसबार दाबून-दाबून रांगेत बसवतो. जुन्या फाँटात ती छान दिसते. युनिकोडात आणली की सगळं सरकतं, आणि (३) जाऊन बसतो थेट वडीलधाऱ्यांच्या खंडाखाली! वाचणारा म्हणतो, एकाहून जास्त म्हातारे आणा. हातात झेरॉक्स घेऊन उभ्या असलेल्या माणसाने काय करावं?

दुसरी गोची याहून नाजूक. मतदार ओळखपत्र आणि रेशनकार्ड हे दोन पुरावे की एकच, कारण खंड एकच? प्रत्येकाला वेगळी ओळ आणि ठिपका दिला तर दोन वाटतात, एका परिच्छेदात कोंबले तर एक. मला विचाराल तर दोन. नियमात शब्द 'पुरावे' आहे, 'खंड' नाही. पण मांडणीने असा निकाल देऊन टाकावा, हे मला पटत नाही.

गंमत म्हणजे दस्तऐवजांच्या मानकांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. ओडीएफ असो वा ओओएक्सएमएल, यादीतल्या ओळीची पातळी फाइलमध्ये वेगळी नोंदलेली असते आणि किती आत सरकायचं ते वेगळं. आकड्यानंतर टॅब, एक जागा किंवा काहीच नाही, एवढेच तीन पर्याय. जुन्या ओडीएफमध्ये आकड्याला किमान रुंदी असायची, आकडा लांबला की मजकूर पुढे ढकलला जायचा. १.२ आवृत्तीत (२०११) टॅबची जागा आणि समास सरळ सांगायची सोय आली. स्पेसबारला मात्र पातळी नसते. ते नुसतं चित्र.

मग लोक स्पेसबार का वापरतात? एक कारण आपलं मराठीपण :) ओओएक्सएमएलच्या क्रमांक-प्रकारांत हिंदी स्वर आहेत, हिंदी व्यंजनं आहेत. शाळेच्या तुकड्यांपासून आपल्या अंगवळणी पडलेलं अ, ब, क, ड मराठीच्या नावाने कुठेच नाही. म्हणून माणूस हाताने 'अ)' टाइपतो, आणि तिथेच पातळी गेली. आळशीपणा म्हणून त्याला हिणवू नये.

तळोदा-शहाद्याकडे आपल्यापैकी कुणी टायपिंगचं काम करत असेल तर एवढं करा. यादीची पातळी लावा, दुसरी ओळ आकड्याखाली न घेता मजकुराखाली घ्या, आणि (३) चा कंस बरोबर (१) च्या कंसाखाली येतोय का ते छापून बघा.