लिटरली वैताग!

परवा एफसी रोडवरच्या एका कॅफेत बसले होते. लॅपटॉप उघडा, डेडलाइन डोक्यावर, आणि शेजारच्या टेबलावर तीन मुली नि एक मुलगा. 'आय वॉज लिटरली डेड!' 'ही इज सो नॉट माय टाइप.' 'टोटली, यार, टोटली.' मी 'लिटरली' मोजायला लागले. विसाव्याला थांबले, कारण लेखाचं एकही वाक्य पुढे सरकलं नव्हतं. मग त्यांची कोल्ड कॉफी आली आणि ती 'इन्सेनली गुड' निघाली. मीही तीच मागवली होती. बरी होती. साखर जास्त.

आता 'मराठीत इंग्रजी घुसडू नका' म्हणणाऱ्या काकांच्या कंपूत मला ढकलू नका. मी स्वतः दिवसातून पन्नासदा 'यार' म्हणते. माझं दुखणं वेगळं आहे. मास कॉमच्या पहिल्या वर्षी आमचे एक सर कॉपीतला प्रत्येक 'व्हेरी' लाल पेनानं खोडायचे. म्हणायचे, 'पाऊस व्हेरी हेवी होता हे सांगू नकोस. भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही, ते सांग.' तेव्हापासून असे फुगवणारे शब्द माझ्या दातात खड्यासारखे येतात. सुपर बिझी, सुपर टायर्ड, सुपर हंग्री. आमच्या क्लायंटची एक मॅडम तर मेलमध्ये 'सुपर अर्जंट' लिहिते. नुसतं 'अर्जंट' असलेलं काम तिच्याकडे दोन दिवस पडून असतं, हे मला आता कळलंय.

हे खूळ आलं कुठून? बरंचसं टीव्हीवरून, असा माझा समज होता. कॉलेजात आम्ही 'फ्रेंड्स'ची पारायणं केली, इंग्रजीपेक्षा मोनिका-रेचेलची इंग्रजी जास्त शिकलो. आणि यावर खरोखर अभ्यास झालाय! टोरंटोच्या सॅली टॅग्लियामोंटे आणि ख्रिस रॉबर्ट्स यांनी २००५ साली 'फ्रेंड्स'मधले असे शब्द मोजले (मोजणारी मी एकटी नाही, हुश्श). पहिला नंबर 'सो'चा, 'व्हेरी' आणि 'रिअली' मागे. आणि 'सो' म्हणण्यात मुली पुढे. यावर माझ्या मित्रानं जो चेहरा केला, तो इथे छापता येणार नाही.

'लिटरली'चा किस्सा त्याहून जुना. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीनं २०११ मध्ये त्याचा 'नुसता जोर देण्यासाठी' हा वापर नोंदवला. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, ते लोकांच्या लक्षात आलं आणि इंग्रजी बुडाली म्हणून बोंबाबोंब झाली. गंमत म्हणजे मेरियम-वेबस्टरनं तो १९०९ मध्येच नोंदवून टाकला होता. आणि खुद्द मार्क ट्वेननं १८७६ च्या 'टॉम सॉयर'मध्ये तो तसाच वापरलाय. म्हणजे कॅफेतल्या त्या पोरी ट्वेनच्या वर्गातल्या. माझी पंचाईत.

हे सगळं रविवारी आईला तावातावानं ऐकवत होते. ती मेथी निवडत होती. म्हणाली, 'अगं, काल मंडईत एवढी गर्दी होती, अक्षरशः जीव गेला माझा.'

घ्या! 'लिटरली'च्या पोटात लॅटिनमधलं अक्षर आणि आपल्या 'अक्षरशः'च्या पोटात तर सरळ अक्षरच. दोन्ही शब्द अक्षराला जागायला निघाले आणि दोघांनीही वाटेत माणसं मारली. वर आईला माझी नवी कुर्ती 'भयंकर' आवडली होती. भय उत्पन्न करणारी कुर्ती, फॅब इंडियातली, सेलमध्ये घेतलेली. 'व्हेरी'सुद्धा मुळात जुन्या फ्रेंचमधला 'खरा'. तोही असाच झिजला. एक 'खरा' झिजतो, लोक दुसरा 'खरा' आणतात, तोही वापरून वापरून गुळगुळीत होतो. जुन्या पायपुसण्यासारखा.

इथवर हा कॉलम हलकाफुलका राहिला असता. पण मागच्या महिन्यात माझ्या रूममेटचा मेसेज आला. 'लिटरली कान्ट ब्रीद.'

ही मुलगी बॉसच्या टायवर लिटरली मरते. मांजराच्या व्हिडिओवर लिटरली मरते. मी एका इंटरव्ह्यूच्या मधे होते. तीन हसरे स्मायली पाठवले आणि फोन उलटा ठेवला.

अर्ध्या तासानं वॉचमनकाकांचा फोन. ती जिन्यात बसली होती, ओठ निळसर. वरच्या फ्लॅटमध्ये भिंती घासायचं काम चालू होतं, ती धूळ लागली. लहानपणचा दमा, मला कधी बोललीच नव्हती. काकांनीच रिक्षात घातलं. मी पोचले तेव्हा तिच्या तोंडावर नेब्युलायझरचा मास्क होता. डॉक्टरांनी विचारलं, 'त्रास किती होतोय?' तिनं मास्क जरा बाजूला केला. 'खूप.' एवढंच. सो नाही, सुपर नाही. मला तिच्याकडे बघवेना.

रात्रभर खुर्चीत बसून मी ते तीन स्मायली पाहत होते. समोरच्याला फोन 'एक मिनिट' म्हणून उचलला असता, तर? चूक शब्दाची, की शब्द झिजलाय म्हणून माणसाकडेही न बघणाऱ्या माझी? उत्तर मला माहितेय, आणि ते मला आवडत नाही.

आता ती ठणठणीत आहे. पंप पर्समध्ये, दुसरा माझ्या पर्समध्ये. सवय अर्थातच गेलेली नाही. काल रात्री ऑफिसातून आली, चप्पल काढता काढता म्हणाली, 'आय ॲम लिटरली डाइंग.'

मी लॅपटॉप बंद केला, उठून तिच्यासमोर उभी राहिले. 'पहिला अर्थ की दुसरा?'

'दुसरा गं. भूक लागलीये.'

मग मी पोहे टाकले.