भरतपूरचा शिलालेख आणि छायाचित्राखालची ओळ

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, ज्या मंदिरावरून उद्यानाला नाव मिळाले त्याच्या जवळ, काही दगडी फलक उभे आहेत. संस्थानकाळातील बदकांच्या शिकारींची नोंद त्यांवर कोरलेली आहे : तारीख, प्रसंग, बंदुकांची संख्या, मारलेले पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवसापुढचा आकडा आहे ४,२७३. त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. आज मोठमोठ्या भिंगांचे कॅमेरे खांद्यावर घेतलेली मंडळी या फलकांपाशी थांबतात, हळहळतात आणि पुढे जातात.

शिलालेख काय सांगतो याइतकेच तो काय सांगत नाही, हेही वाचावे लागते. एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडायचे, तर ते पाण्यावरून उठवणारे, पडलेले पक्षी चिखलात शिरून गोळा करणारे, मोजणारे असे किती हात लागले असतील? फलकावर बंदुका मोजल्या आहेत. हे हात मोजलेले नाहीत.

भारतातील वन्यजीव छायाचित्रणाचा इतिहास बहुधा हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून सांगितला जातो. शिकाऱ्याने बंदूक टाकली, कॅमेरा उचलला, आणि रानाचे एक नवे पर्व सुरू झाले. कथा खोटी नाही. जिम कॉर्बेट उतारवयात चित्रफितीच्या कॅमेऱ्याकडे वळला. सालिम अलींच्या पक्षिशास्त्राची सुरुवातही लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली. ती ओळखून घेण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथले मिलार्ड यांनी त्यांच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडले. पण या कथेत हत्यार बदलते तेवढेच दिसते. हत्यार चालवणाऱ्याला जनावरापर्यंत नेऊन पोचवणारा माणूस शिकारीच्या काळात जिथे होता तिथेच, चौकटीबाहेर, राहतो.

एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. संयुक्त प्रांतातील शिवालिकच्या जंगलात १९२०च्या दशकात त्याने रानवाटेवर बारीक तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमचा लखलखाट होई आणि वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढी. ही छायाचित्रे १९२५ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात झळकली. १९२७ मध्ये त्याचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आले. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात आणि छायाचित्रांवरून वाघ वेगवेगळा ओळखता येतो, हेही त्याने दाखवून दिले. वाघ मारणे हे मर्दुमकीचे आणि दरबारी प्रतिष्ठेचे लक्षण मानले जात होते, त्या काळात बंदुकीपेक्षा कॅमेरा श्रेष्ठ असे उघडपणे लिहायला धैर्य लागते. ते त्याच्याकडे होते.

तरीही त्या तारेकडे नीट पाहावे. जनावराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दोरी किंवा तार ताणून त्याच्याकडूनच चाप ओढवून घ्यायचा, ही क्लृप्ती सापळे लावणाऱ्यांना फार जुनी. चॅम्पियनने तारेच्या दुसऱ्या टोकाला कॅमेरा जोडला. वाघाच्या दृष्टीने हा फरक अर्थातच जन्ममरणाचा आहे! परंतु तार कोणत्या वाटेवर ताणायची, हे कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी पाऊलखुणा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे आणि वानरांच्या हाका वाचता याव्या लागतात. चॅम्पियनने कित्येक छायाचित्रे हत्तीवरून घेतली, आणि हत्ती कॅमेरेवाल्याच्या हाती नसतो, माहुताच्या हाती असतो. वनाधिकाऱ्याची काही वर्षांनी बदली होते. वनरक्षक, माहूत आणि रानालगतचे गावकरी तिथेच असतात. रानाचे ज्ञान कुठे साठत असेल, हे यावरून सहज कळावे.

पक्ष्यांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर अरण्यज्वर उद्भवला. त्याच्या गोचिडी स्थलांतरित पक्ष्यांबरोबर आल्या असाव्यात, अशी शंका घेतली गेली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्याचे मोठे काम हाती घेतले. भरतपूर हे त्याचे एक प्रमुख केंद्र. वाळे घालायचे तर पक्षी जिवंत, पंखाला इजा न होता पकडायला हवा, आणि हे विद्यापीठात शिकवत नव्हते. ते बिहारमधील मीरशिकारांना येत होते. ‘मीर शिकार’ हा मोगल दरबारातील शिकारखात्याच्या प्रमुखाचा हुद्दा. पुढे ते नाव पक्षी पकडून विकणाऱ्या एका गरीब समाजाला चिकटले. सोसायटीच्या या कामात दशकानुदशके राबलेले अली हुसैन याच समाजाचे. पक्ष्यांचे स्थलांतर समजून घेणाऱ्या आधुनिक भारतीय संशोधनाचा पाया बऱ्याच अंशी अशा हातांनी घातला आहे.

या सन्मानाची दुसरी बाजूही आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानपक्षी पकडणे हा हळूहळू सरसकट गुन्हा ठरत गेला. कायदा आवश्यक होता, यात वाद नाही. पण तेच कौशल्य संशोधकाच्या परवान्याखाली शास्त्र झाले आणि पारध्याच्या पालावर पुरावा झाले. महाराष्ट्रातील फासेपारधी समाजाचे तर नावच फाशावरून पडलेले. इंग्रजांनी १८७१ मध्ये सुरू केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. पोलीस ठाण्यातून तो किती पुसला गेला, हे त्या समाजाला विचारावे.

श्रेय देणे अशक्य असते असेही नाही. मारुती चितमपल्ली वनाधिकारीच होते. गोंड, ढीवर, पारधी यांच्याकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी शिकल्याचे त्यांनी लेखनातून मोकळेपणाने सांगितले, आणि मराठी त्यामुळे श्रीमंत झाली.

चॅम्पियनची तार आज अवरक्त किरणांची झाली आहे. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत स्वयंचलित कॅमेऱ्यांतील पट्ट्यांवरून वाघ मोजण्याची संख्याशास्त्रीय पद्धत १९९५ मध्ये मांडली. सरिस्क्यातून वाघ नाहीसे झाल्यानंतर ठशांवरची जुनी गणना मोडीत निघाली. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. या ‘स्वयंचलित’ शब्दाने मात्र बरीच फसगत होते. कॅमेरा स्वतःहून झाडाला बांधून घेत नाही. त्याआधी वनरक्षक आणि रोजंदारीवरील मजूर रान पायी तुडवतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात गणनेच्या पाहणीसाठी साथीदारांसह पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने बळी घेतला. वाघांचा आकडा दिल्लीत जाहीर होतो तेव्हा छायाचित्रांची संख्या अभिमानाने सांगितली जाते. हे पायी चाललेले कोस त्यात सांगितले जात नाहीत.

यावर उत्तर येते की छायाचित्र शेवटी कलावंताचे असते. प्रकाश, क्षण आणि चौकट त्याने निवडलेली असते. मान्य. स्वामित्वहक्क त्याचाच राहो. येथे मागणी एका ओळीची आहे. स्पर्धेत किंवा समाजमाध्यमावर छायाचित्र टाकताना भिंगाचा क्रमांक, शटरचा वेग, पक्ष्याचे शास्त्रीय नाव इतके सारे लिहिले जाते. तिथेच वाटाड्याचे नावही, त्याला विचारून, लिहिता येईल. गणनेच्या अहवालांत आणि संशोधननिबंधांत बीटवरील माणसांची नावे परिशिष्टात का होईना, छापता येतील. कागद काही फार लागणार नाही.

भरतपूरला हे करून पाहणे सर्वांत सोपे आहे. तिथे आत नेणारे रिक्षावाले पक्षी ओळखण्याचे शिक्षण घेतलेले असतात. कोणत्या झाडाच्या ढोलीत घुबड बसते आणि सारसाची जोडी सकाळी कुठे उतरते, हे त्यांना ठाऊक असते. पाहुणा उतरतो, तिपाई लावतो, छायाचित्र घेतो. रिक्षावाला पक्षी उडू नये म्हणून रिक्षा धरून मागे उभा असतो. पुढे ते छायाचित्र हजारो लोक पाहतात, आणि त्याखाली घुबडाचे लॅटिन नाव अचूक लिहिलेले असते.