आधी भरती ओसरू द्या

काचबिंदूच्या थेंबांबद्दल एक मत हल्ली ऐकू येतं : डोळ्यातल्या दाबाचा आकडा कशाला पाहता, डोळ्याचा रक्तपुरवठा वाढवणारा थेंब द्या!

या पक्षाची बाजू लंगडी नाही. दाब पाऱ्याच्या 21 मिलिमीटरच्या आत असूनही कित्येकांच्या डोळ्याची नस झिजते. डॉर्झोलामाइड या थेंबाने डोळ्यामागच्या धमन्यांत रक्ताचा वेग वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलं. 2011च्या एका अमेरिकी चाचणीत ब्रिमोनिडिन आणि टिमोलॉल या थेंबांनी दाब जवळजवळ सारखाच उतरवला. तरी नजर खालावली ती पहिल्या गटात 9 टक्के, दुसऱ्यात 39 टक्के लोकांची.

पण वेग वाढला म्हणून नजर वाचली, हे कुठे सिद्ध झालं? ब्रिमोनिडिनच्या गटातले बरेच जण ॲलर्जीमुळे मध्येच गळले. उरलेल्यांना रक्तप्रवाहानेच तारलं, असं ती चाचणीही सांगत नाही. याउलट दाबाचा पुरावा भक्कम आहे. स्वीडनमधल्या 255 रुग्णांच्या चाचणीत दर 1 मिलिमीटर दाब उतरला की आजार बळावण्याचा धोका सुमारे 10 टक्क्यांनी घटला.

मग रक्ताला किंमत नाही? आहे, पण तिचा हिशेब ठाणे जिल्ह्यातल्या चेण्याच्या नदीवर समजतो. नदी खाडीला मिळते. खाडीला भरती आली की पाणी तुंबतं, ओहोटीला सुटतं. डोळ्यातला दाब ही भरती, रक्तदाब हा नदीचा जोर. थेंबाने दाब उतरवला की रक्ताची वाट आपोआप मोकळी होते. मात्र नदीच आटली तर ओहोटी काय करणार? रात्री झोपेत रक्तदाब उतरतो. त्यात रक्तदाबाची गोळी आणि टिमोलॉलचा थेंब यांची भर पडली, तर तो फारच खाली जाऊ शकतो. वरच्याच अमेरिकी चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांची नजर खालावण्याचा धोका जास्त आढळला.

म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे जाताना रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी न्या, त्या कोणत्या वेळी घेता तेही सांगा. दमा असेल तर टिमोलॉलआधी तो सांगितलाच पाहिजे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. औषध रक्तात कमी उतरतं. आणि कुठलीही गोळी किंवा थेंब आपल्या मनाने बंद करू नका : काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.