फूल गळाल्यावर स्लिपर ऑर्किडचे काय करावे?



ईद, वलिमा किंवा नव्या घराच्या प्रसंगी आता पुष्पगुच्छाऐवजी कुंडीतले ऑर्किड भेट देण्याची रीत आपल्याकडेही येऊ लागली आहे. त्यात कधी कधी स्लिपर ऑर्किड असते. मोजडीच्या टोकासारखी खोलगट पाकळी असलेले हे फूल महिना-दोन महिने टिकते. मग ते गळते आणि पुष्कळ घरांत त्याच आठवड्यात कुंडी कचऱ्याच्या गाडीत जाते. फूल गेले म्हणजे रोप संपले, असे आपण समजतो. पण रोप जिवंत असते आणि पुढच्या फुलाची तयारी तेव्हाच सुरू झालेली असते.

या रोपाची वाढ केळीच्या उदाहरणावरून समजते. केळीचे एक खोड एकदाच घड देते आणि बुडातून पिले फुटतात. स्लिपर ऑर्किडच्या पानांचा पंख्यासारखा एक झुबका असतो. त्याच्या मधोमध दांडा येतो, त्यावर फूल उमलते. तो झुबका पुन्हा फुलत नाही. पुढचे फूल बुडातून फुटणाऱ्या नव्या झुबक्यावर येते. मात्र केळीचे खोड आपण कापून टाकतो, तसे येथे करायचे नाही. जुना झुबका फुलत नसला तरी त्याची हिरवी पाने पुढेही बराच काळ नव्या पिलाला पोसतात. ज्या घरात दादी-नानीच्या सावलीत मुले वाढली, त्या घराला हे वेगळे सांगायला नको.

फूल सुकले की आधी दांड्याचे टोक पाहा. काही जातींत एकाच दांड्यावर एकामागून एक कळ्या येतात. टोकाला कळी असेल तर दांडा राहू द्या. नसेल तर स्वच्छ ब्लेडने पानांच्या थोडे वर कापा. पाने कापू नका. पूर्ण पिवळे पडलेले पान तेवढे काढा.

कुंडी बदलायची असेल तर फुलानंतरचा काळ योग्य असतो, पण आपल्या यवतमाळच्या हवेत एप्रिल-मे टाळा. फूल फेब्रुवारीत गळाले तर लगेच बदला. उशिरा गळाले तर पावसाळा लागून हवा निवेपर्यंत थांबा. कुंडीत आपली काळी माती अजिबात नको. कपाशीला ती उत्तम, पण या मुळांना हवा लागते आणि काळ्या मातीत ती कुजतात. झाडाच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळशाचे बारीक खडे आणि भिजवून दोन-तीनदा धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे, असे मिश्रण घ्या. कुंडी लहान आणि तळाला भरपूर छिद्रे असलेली हवी. हे मिश्रण कुजून बसते, म्हणून दीड-दोन वर्षांनी बदलावे लागते. झुबके एकेक करून सुटे करू नका. तीन-चार एकत्र असले तरच रोप जोमाने वाढते.

पाण्याची बाब जरा नाजूक आहे. काही ऑर्किडच्या बुडाशी पाणी साठवणारी फुगीर गाठ असते, याला ती नसते. म्हणून मिश्रण पूर्ण सुकू द्यायचे नाही आणि चिखलही करायचा नाही. पाणी सकाळी द्या. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचले तर कापडाने टिपून घ्या, नाहीतर झुबका बुडातून सडतो. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त आहे. पांढरकवड्याकडच्या भागात तर फ्लोराइडचाही त्रास आहे. अशा पाण्याने पानांची टोके करपतात. यावर सोपा उपाय पावसाच्या पाण्याचा. पहिले दोन-तीन पाऊस सोडून छपराचे पाणी स्वच्छ कॅनमध्ये भरा आणि तोंड कापडाने घट्ट बांधा, म्हणजे डास होणार नाहीत. एका कुंडीला पाणी थोडेच लागते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. टंचाई सोसलेल्या जिल्ह्यात ती पाळणे अधिकच गरजेचे.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा गॅलरीत ठेवलेले रोप टिकणार नाही. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, थेट ऊन न येणाऱ्या पण उजेडाच्या खिडकीजवळ ते ठेवा. पसरट ताटात खडे आणि पाणी घालून त्यावर कुंडी ठेवा, मात्र कुंडीचा तळ पाण्यात बुडू नये. कूलर असलेल्या खोलीत ठेवले तरी चालेल, फक्त वाऱ्याच्या थेट झोतात नको. या दिवसांत खत बंद ठेवा. पावसाळ्यात विरघळणारे खत, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्याइतकेच, पंधरा दिवसांतून एकदा द्या. शेणखत घालू नका. ठिपकेदार पानांच्या जाती उष्णता जास्त सोसतात, म्हणून निवडायची वेळ आली तर त्याच घ्या. इतके करूनही नव्या झुबक्याला फूल यायला वर्ष-दोन वर्षे लागतात. तेवढे सब्र हवे.

खरेदीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. भारतात रानटी स्लिपर ऑर्किडच्या जाती मुख्यतः ईशान्येकडील राज्यांत आहेत. दक्षिणेत एकच, केरळच्या अगस्त्यमलै डोंगरांत. लोकांनी ती इतकी उपटली की जंगलातून ती जवळपास नाहीशी झाली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली या वनस्पतींना संरक्षण आहे. म्हणून परवानाधारक विक्रेत्याकडूनच, रोपवाटिकेत वाढवलेले रोप बिलासह घ्या. आपल्या विदर्भातल्या रानातही आंब्यासारख्या झाडांवर रास्नासारखी ऑर्किडे वाढतात. ती बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाहीत, नुसता आधार घेतात. ती उपटून घरी आणू नका, त्यांची जागा तिथेच आहे.

घरात आलेले रोप ही अल्लाहची अमानत आहे, मग ते फुललेले असो वा नसो. उन्हाळ्यात त्याला जपणे आपल्याला जमणार नसेल, तर फेकण्याऐवजी झाडांची आवड असलेल्या शेजारणीला द्या. तिच्याकडे ते फुलले तर त्या सवाबात तुमचाही वाटा असेल, इन्शाअल्लाह.