टाळ्या मिळतात, दाखला मिळत नाही

2001 साली उत्तर अमेरिकेत सहा आठवडे गाण्याबजावण्याचा एक दौरा झाला. चार देशांतले पाच रोमा संच एकत्र फिरले, एका रंगमंचावर उभे राहिले. रुमानियाचे दोन, स्पेनचा एक फ्लामेंको संच, मॅसेडोनियाची गायिका एस्मा रेजेपोवा आणि आपल्या राजस्थानातला ‘महाराजा’ हा संच. जास्मिन डेलाल यांनी या दौऱ्यावर माहितीपट केला. राजस्थानचे कलावंत रूढ अर्थाने रोमा नाहीत, पण रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले, म्हणून त्यांना दूरचे भाऊबंद मानून या दौऱ्यात सामील केले होते.

हे नाते भाषेत अजून दिसते. रोमा माणूस नाकाला नाक, कानाला कान म्हणतो, माणसाला मनुष म्हणतो. आकडे मोजताना एक, दुई, त्रिन, पांच आपल्यासारखेच येतात. सात, आठ, नऊ मात्र ग्रीक भाषेतून घेतलेले, आणि दहाला पुन्हा ‘देश’. वाटेत कुठे किती मुक्काम पडला, याची नोंद कोणत्याही सरकारी वहीत नाही. ती अशी आकड्यांत राहिली आहे.

धर्माचेही तसेच. ज्या देशात राहिले तिथला धर्म बहुतेकांनी घेतला. कुणी कॅथलिक, कुणी ऑर्थोडॉक्स, बाल्कनमध्ये बरेच जण मुसलमान. रेजेपोवा या आडनावातला ‘रेजेप’ म्हणजे आपला रजब. या एस्माला 1976 साली चंदीगडच्या रोमा महोत्सवात रोमा संगीताची राणी म्हणून गौरवले होते. तिने आणि तिच्या पतीने सत्तेचाळीस मुलांना आधार देऊन वाढवले, असे सांगतात.

पण हे रंगमंचावरचे. रुमानियाच्या ज्या दोन प्रांतांतून ते दोन संच आले, तिथे रोमा माणूस 1855-56 पर्यंत गुलाम होता. मठाच्या, जमीनदाराच्या मालमत्तेत त्याची गणती होई. नाझींनी लाखो रोमांना मारले. आजही युरोपातल्या अनेक शहरांत रोमांच्या वस्त्या गावाबाहेर आहेत. लग्नात वाजवायला तेच लागतात, शेजारी राहायला नको असतात.

हे वाचून युरोपला नावे ठेवण्याआधी आपण पनवेलच्या बाहेर जरा पाहावे. इथून एक रस्ता पुण्याकडे फुटतो, दुसरा गोव्याकडे. अशा रस्त्यांच्या कडेला, पुलाखाली पालं पडतात आणि उठतात. संबळ-तुणतुणे घेतलेला गोंधळी, ढोलावर पोरीला दोरीवर चालवणारा डोंबारी, गुबगुबी वाजवणारा नंदीवाला, डौर वाजवत फिरणारा डवरी गोसावी. यांनी शतकानुशतके मराठी मुलखाची करमणूकही केली आणि देवकार्यही. सांस्कृतिक महोत्सवात यांना शाल-श्रीफळ मिळते. आणि 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते, भिक्षा मागत त्या गावात पोचले होते. अनोळखी आणि फिरता, एवढाच त्यांचा गुन्हा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे तर्कशास्त्र तेच होते. तो कायदा 1952 साली गेला, संशय गेला नाही.

याहून मुकाट चालणारा अन्याय कागदाचा आहे. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांना जातीचा दाखला हवा तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचा आजा वर्षभरात वीस गावे फिरत होता, त्याने कोणत्या गावचा पुरावा आणायचा? सातबारा नाही, शाळेची नोंद नाही. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आणि मुलगा पुन्हा ढोलाकडे जातो. आपण त्याला परंपरा म्हणतो.

या यादीत मुसलमानही आहेत, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. छप्परबंद, दरवेशी, मुस्लिम मदारी, गारुडी. वन्यजीव कायद्याने अस्वल आणि साप गेले. ते जायलाच हवे होते, पण पोटापाण्याची दुसरी सोय कुणी लावली नाही. इस्लाममध्ये जातपात नाही हे वाक्य आपण फार सहज म्हणतो. मदाऱ्याच्या घरी सोयरीक करायची वेळ आली की बिरादरी आठवते. आमच्याच बैठकांत शिक्षणावर तासन् तास चर्चा होते, तेव्हा पुलाखालच्या पालातले मूल कुणाच्या डोळ्यासमोर नसते.

पनवेलमध्ये भटक्या कलावंतांचा एकत्र कार्यक्रम जरूर व्हावा. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहासारखा मंच शहरात आहे. गोंधळी आणि मदारी एका मंचावर आले तर आनंदच आहे. फक्त त्याच दिवशी बाहेर दोन टेबले मांडावीत. आपले जे कार्यकर्ते मतदार यादीचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात, त्यांनी तिथे बसावे. पुराव्याचा कागद नसेल तर अधिकाऱ्याने पालावर जाऊन, समाजाच्या जाणत्यांना विचारून चौकशी करावी आणि दाखला द्यावा, अशी मागणी सह्या घेऊन तहसीलदारांकडे न्यावी. सुरुवात मुलांपासून करावी: कोण शाळेत जाते, कोणाच्या जन्माची नोंद झाली आहे, कोणाची राहिली आहे. ही यादी शाळा उघडण्याआधी, जूनच्या आत झाली पाहिजे; पावसाळ्यानंतर ही पालं याच जागी असतील असे नाही.